सीनियर इंजिनियर घ्यायचाय? पहिल्या फोनवरच पगार सांगा

माझ्या टेबलाच्या खणात २०१६ सालचं एक ऑफर लेटर आहे. बंगळुरूच्या एका मोबाइल गेम कंपनीनं मला दिलेलं. पगाराच्या आकड्याखाली त्यात एक ओळ आहे: ‘१२ लाख रुपयांचे ईसॉप’, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या दरानं विकत घ्यायचा हक्क. कंपनीचे एकूण शेअर किती, माझ्या वाट्याला त्यातले किती, ते घ्यायला पदरचे किती पैसे भरावे लागतील, याबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. साडेतीन वर्षं जीव ओतून काम केलं आणि नोकरी सोडायच्या दिवशी कळलं, की नव्वद दिवसांत पैसे भरून शेअर घेतले नाहीत तर सगळे बाद. शेअरची किंमत आणि त्यावरचा कर मिळून आकडा चार लाखांच्या वर जात होता. घेतलेले शेअर विकायची कुठेच सोय नव्हती. पुण्यातल्या घराचं डाउन पेमेंट त्याच महिन्यात केलं होतं. मी ते शेअर सोडून दिले.

आज बाणेरला आमची सोळा जणांची कंपनी आहे. मल्टिप्लेअर मोबाइल गेमना लागणारं नेटवर्किंगचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दोन गावांतल्या दोन फोनांवर एकच खेळ त्याच क्षणी सारखाच दिसला पाहिजे, हे आमचं काम. सहा वर्षांत सात सीनियर इंजिनियर घेतले, त्यातले पाच आजही आहेत. नव्यानं कंपनी काढणारे बरेच जण मला विचारतात की मोठ्या कंपन्यांसमोर तुम्हाला माणसं मिळतात कशी. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सीनियर नेमका कशासाठी हवाय

वर्षं मोजून सीनियर ठरवू नका. बारा वर्षं काम करूनही स्वतः लिहिलेला कोड लोकांच्या फोनवर कसा वागतो हे कधीच न पाहिलेले इंजिनियर मला भेटले आहेत. माझी कसोटी साधी आहे: स्वतःच्या हातची चूक लाइव्ह गेममध्ये गेली, लोकांनी एक स्टार देऊन शिव्या घातल्या, आणि तरीही पुढची दोन वर्षं तोच कोड सांभाळला, असं या माणसाला सांगता येतं का?

दुसरं म्हणजे, गेमच्या कामात दोन वेगळ्या जाती आहेत. एक फोनवरच्या कामाची. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यात खेळाचं गणित, चित्र, आवाज सगळं बसवायचं, तेही तीन जीबी रॅमच्या आणि तापलेल्या फोनवर. दुसरी जात सर्व्हरची. तिथे लाखो लोक एकदम आले तर काय कोसळेल याचा विचार करायचा. एकाच माणसाकडून दोन्हीची अपेक्षा ठेवून जाहिरात दिलीत तर दोन्हीकडचे चांगले लोक ती वाचून पुढे जातील. आधी दुखणं कुठे आहे ते ठरवा आणि मग त्याचाच माणूस शोधा.

शोधायचं कुठे

पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. त्यामुळे सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मुरलेले, मोठ्या गेमवर काम केलेले लोक या शहरात आहेत. पण सगळ्यांनी त्याच विहिरीवर पोहरे टाकून चालत नाही. माझे दोन उत्तम इंजिनियर गेममधले नव्हतेच. ते पिंपरी-चिंचवड आणि हिंजवडी भागात गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहीत होते. दर दहा मिलिसेकंदांनी उत्तर द्यायचंच, मेमरी मोजून मापून वापरायची, ऐन वेळी नवी मेमरी मागायची नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली. फ्रेमचं गणित त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. युनिटी हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, दोन महिन्यांत शिकले. पुण्यात कंपनी असेल तर या लोकांकडे आवर्जून बघा.

गोडो हे गेम इंजिन २०१४ पासून सर्वांना खुलं आहे. त्याच्या कोडमध्ये कोणी काय दुरुस्त केलं, कोणाशी वाद घातला, कोणाचं ऐकलं, सगळं उघड वाचता येतं. एका माणसानं तिथे एका बगवर नऊ प्रश्न विचारले होते आणि त्यानंतर चार ओळींचा बदल केला होता. ते वाचून मी त्याला पत्र लिहिलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या गेम बंद झाल्या आणि त्या कंपन्यांतले बरेच चांगले इंजिनियर एकदम घरी बसले. प्रचंड गर्दी पेलणारे सर्व्हर चालवलेले लोक आहेत हे. त्या वेळी मला एका ओळखीच्या संस्थापकानं सांगितलं, ‘आता निम्म्या पगारात मिळतील, घेऊन टाक.’ मला हे मनापासून चुकीचं वाटतं. अडलेल्या माणसाला कमी पैशांत घेतलं की तो येतो, पण डोकं वर निघताच पहिली चांगली ऑफर घेतो, आणि तसं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आम्ही त्या काळात एकाला घेतलं, नेहमीच्याच पगारात.

जाहिरात आणि पहिला फोन

जाहिरातीत ‘रॉकस्टार’, ‘कुटुंबासारखं वातावरण’ असलं काही लिहू नका. आमची शेवटची जाहिरात अशी होती: ‘कॅरमच्या गेममध्ये दोन फोनवरच्या सोंगट्या कधीकधी वेगळ्या जागी थांबतात. कारण अर्धवट कळलंय. उरलेलं शोधणारा आणि पुढची दोन वर्षं हा भाग सांभाळणारा माणूस हवा. ठरलेला पगार ३० ते ३८ लाख. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाणेर. बँकेत १४ महिन्यांच्या खर्चाचे पैसे आहेत.’

शेवटच्या वाक्याला माझे सीए घाबरले होते. पण पस्तिशीतल्या, घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हाच प्रश्न असतो आणि तो विचारायला संकोचतो. आपणच सांगितलं की पुढचं बोलणं मोकळं होतं.

पहिल्या फोनवर मी पाच मिनिटांच्या आत पगाराचा आकडा सांगते. आधीचा पगार विचारत नाही, पगाराच्या स्लिपा मागत नाही. कामाची किंमत आपण ठरवलेली असेल तर आधीच्या कंपनीनं त्याला किती कमी किंवा जास्त दिलं याच्याशी आपला काय संबंध? एका मुलीला आधी १९ लाख मिळत होते. तिला आम्ही ३१ दिले, कारण त्या जागेचा पगार तिथूनच सुरू होत होता. ती चार वर्षं आमच्याकडे आहे आणि सर्व्हरची सगळी बाजू एकटी पेलते. मोठ्या परदेशी कंपन्या हिंजवडीत आणि खराडीत आमच्यापेक्षा जास्त देतात, हेही त्याच फोनवर सांगते. ज्याला तो आकडा हवाच आहे त्याचा आणि आपला वेळ वाचतो.

परीक्षा: एक खरा बग आणि अडीच तास

सुरुवातीला मी कोडी घालायचे. अल्गोरिदमची, फळ्यावर सोडवायची. त्यातून घेतलेला पहिला सीनियर कोड्यांत अप्रतिम होता. गिऱ्हाइकाचा गेम रविवारी संध्याकाळी बंद पडला की मात्र त्याला काय करावं सुचायचं नाही. पाच महिन्यांत गेला. त्याची चूक नव्हती, मी त्याला भलतंच विचारलं होतं.

आता शनिवारी सकाळी उमेदवाराला ऑफिसला बोलावते, बाहेरगावचा असेल तर जाण्यायेण्याचं भाडं देते, आणि आमच्याकडे खरोखर येऊन गेलेला बग समोर ठेवते. अडीच तास, जोडीला आमचा एक इंजिनियर. घरी करायला काम देत नाही. आठवडाभर राबणाऱ्या माणसाचा रविवार फुकट मागणं योग्य नाही, आणि पैसे देऊन करून घ्यावं तर अनेकांच्या करारात दुसरीकडून पैसे घ्यायला मनाई असते. एआयची मदत घ्यायला पूर्ण मोकळीक असते. एआयनं सुचवलेलं उमेदवारानं काय नाकारलं आणि का, हे बघायला मला आवडतं.

त्या कॅरमच्या जागेसाठी साताऱ्याचा एक जण आला होता. बायोडेटावर एकही मोठं नाव नाही. त्याच्यासमोर दोन फोनचे लॉग (खेळाच्या क्षणाक्षणाच्या नोंदी) ठेवले. ४१२व्या टिकला, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या ठोक्याला, एका फोनवर राणी पॉकेटमध्ये गेलेली, दुसऱ्यावर काठावर थांबलेली. बहुतेक जण लगेच नेटवर्कच्या कोडमध्ये शिरतात. यानं कोड उघडलाच नाही. दोन्ही लॉग शेजारी ठेवून मागे मागे गेला आणि ३८८व्या टिकवर बोट ठेवलं. तिथे एका सोंगटीच्या जागेत सातव्या अंकात फरक होता. मग मला विचारलं, “दोन्ही फोनवर बिल्ड एकच आहे का? की एक ३२ बिटचा आहे?”

तसंच होतं. ६४ बिटच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या त्या तयार आवृत्तीत, कंपायलर (कोडचं फोनला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) गुणाकार आणि बेरीज एका दमात करून एकदाच राउंड करत होता, ३२ बिटमध्ये दोनदा. फरक केसाएवढा, पण सोंगटी चार वेळा आपटली की तो बोटाएवढा होतो. आम्हाला हे शोधायला अकरा दिवस लागले होते. त्याला पन्नास मिनिटं लागली, आणि मला त्याहून जास्त आवडलं ते पुढचं बोलणं. तो म्हणाला, “कंपायलरचा फ्लॅग बदलून आज भागेल, पण उद्या कंपायलर बदलला की परत हेच. गणित पूर्णांकात न्यायला हवं. एकदम सगळं नको, आधी टक्कर मोजणारा भागच.” आजचा इलाज, कायमचा इलाज आणि त्याच्यापर्यंत जायचा धीराचा रस्ता, तिन्ही एका दमात. मी सीनियर म्हणते ते याला.

अडीच तासांतला शेवटचा अर्धा तास त्यांचा असतो. ते आम्हाला प्रश्न विचारतात आणि आम्ही कोड उघडून दाखवतो, जिथे लाज वाटावी असा आहे तोही. आत आल्यावर दिसणारच आहे तो.

पगाराचा कागद

ऑफर लेटरच्या आधी मी एक साधा कागद पाठवते. सीटीसीत, म्हणजे एका माणसावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च त्यात, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, ‘मिळालाच तर’ मिळणारा बोनस असं सगळं कोंबून आकडा फुगवायची सवय आपल्याकडे आहे. मी रोख पगार वेगळा आणि बाकीचं वेगळं लिहिते. रोख ३६ लाख असतील तर महिन्याला ३ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट जाऊन वर्षाचा कर उपकरासह ६,६३,००० होतो, म्हणजे महिन्याला ५५,२५०. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला तर १,८००. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात २,४२,७५०. हा शेवटचा आकडा ठळक लिहा. घरी जाऊन नवरा-बायको हिशेब मांडतात तो याच आकड्यावर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भत्त्यांच्या नावाखाली पगाराचा मोठा भाग बाजूला काढला तरी एकूण मोबदल्याचा किमान अर्धा भाग वेतन म्हणून धरला जातो, आणि ग्रॅच्युइटी त्यावर मोजली जाते. जुन्या साच्यातली ऑफर लेटरं तशीच छापू नका, सीएकडून एकदा नीट तपासून घ्या.

विम्याचं म्हणाल तर आईवडिलांसकट आणि पहिल्या दिवसापासून द्या. एका उमेदवाराच्या बायकोनं ऑफिस बघायला येऊन एकच प्रश्न विचारला होता, “सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांचं कव्हर कधी सुरू होणार?” ‘पहिल्या दिवशी’ हे उत्तर मिळालं आणि तिथेच त्यांचं ठरलं.

गेमचं काम रविवारी, दिवाळीत, आयपीएलच्या रात्री अंगावर येतं. त्या आठवड्याची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याला आम्ही वेगळे ८,००० रुपये देतो, आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. हे पैसे पगारात धरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी करताना हात आखडतो पण करावीच लागते. चौथ्या सीनियरला ३६ द्यायचे ठरले तेव्हा आधीचे दोघं ३१ वर होते. त्याच महिन्यात त्यांचेही ३६ केले. वर्षाला दहा लाखांचा बोजा वाढला. पण नव्याचा पगार जुन्यांपासून लपून राहत नाही, आणि जुन्यानं स्वतः येऊन मागण्याची वेळ आली म्हणजे आपल्याला उशीर झालेला असतो.

ईसॉप: टक्के सांगा, कर सांगा

आता माझ्या खणातल्या पत्राबद्दल. शेअर देताना रुपयांत कधीच बोलू नका. आमच्या कागदावर असं लिहिलेलं असतं: सगळे ऑप्शन (शेअर घ्यायचे हक्क) धरून कंपनीचे एकूण शेअर १०,००,०००. तुम्हाला ५,०००, म्हणजे अर्धा टक्का. चार वर्षांत मिळतील, पहिल्या वर्षाच्या शेवटी पाव हिस्सा, नंतर दर महिन्याला. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ऑप्शन दिल्यापासून पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत काही हातात पडत नाही. शेअर घेताना दर १० रुपये.

त्याखाली कराचं उदाहरण. समजा, शेअर घेतला त्या दिवशी मर्चंट बँकरनं त्याची किंमत ४०० ठरवली. ३९० गुणिले ५,०००, म्हणजे १९,५०,००० रुपये तुमच्या पगारात धरले जाणार. ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून ६,०८,४००. एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेलं तर अधिभार आणखी. शेअरचे ५० हजार वेगळे. म्हणजे विकता न येणाऱ्या कागदांसाठी खिशातून साडेसहा लाखांच्या वर. काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी कंपनीकडे आयकर सवलतीचं खास प्रमाणपत्र लागतं, नुसती स्टार्टअप म्हणून झालेली नोंदणी पुरत नाही. शिवाय नोकरी सोडली की तो कर लगेच द्यावा लागतो. आमच्याकडे ते प्रमाणपत्र नाही, आणि आम्ही कागदावर तसं लिहितो.

यावर आमचा उपाय एकच आहे: नोकरी सोडली तरी मिळालेले ऑप्शन सात वर्षं जिवंत राहतात. शेअरना खरा गिऱ्हाईक आला की तेव्हा पैसे भरा, तेव्हाच विका. योजनेत ही मुदत किती ठेवायची हे कंपनीच्या हातात असतं. गुंतवणूकदारांच्या वकिलांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हेच उत्तर दिलं.

नोटीसचे नव्वद दिवस

ऑफर स्वीकारली म्हणजे माणूस आला असं नाही. २०२३ मध्ये एकासाठी आम्ही लॅपटॉप आणला, टेबल मांडलं, आणि सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला की जुन्या कंपनीनं पगार वाढवला, थांबतोय. मला राग आला होता. मग लक्षात आलं की नव्वद दिवसांत आमच्यापैकी कोणीही त्याला एक फोन केला नव्हता. तो रोज जुन्याच लोकांत बसत होता, आम्ही त्याच्यासाठी परकेच राहिलो.

आता ऑफर देतानाच विचारते, “राजीनामा दिल्यावर तुमच्या कंपनीनं पाच लाख वाढवले तर काय कराल?” उत्तर काहीही असो, प्रश्न आधी विचारलेला बरा. नंतर दर पंधरा दिवसांनी टीममधलं कोणीतरी जेवायला किंवा चहाला भेटतं. या काळात काम देऊ नका, कोड पाठवू नका. त्याचा पगार अजून दुसरी कंपनी देते आहे. नोटीस लवकर सोडवायला पैसे भरावे लागत असतील तर ते आपण भरू का, किती, आणि कधी परत मागू, हे ऑफर लेटरमध्येच लिहा. ‘सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जायचं नाही’ असली अट घालू नका. भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे ती टिकत नाही, आणि चांगला माणूस ती वाचून दचकतो.

आल्यावर पहिले दहा दिवस आम्ही नवीन माणसाला कोड लिहायला सांगत नाही. आठ हजारांचा एक फोन देतो आणि गिऱ्हाइकांच्या गेम खेळायला लावतो, बाणेर ते स्वारगेट बसमध्ये बसून, नेटवर्क जातं-येतं तिथे. साताऱ्याच्या त्या पठ्ठ्यानं पाचव्या दिवशी वहीत तेवीस बग लिहून आणले.

सोडून जाताना

मागच्या वर्षी आमची एक सीनियर जर्मनीला गेली, तीन वर्षांनी. नव्या संहितेनुसार राहिलेलं वेतन नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं. तेव्हा ती संहिता लागू झालेली नव्हती, पण आम्ही दुसऱ्याच दिवशी दिलं. त्यासोबत एक पानाचं पत्र दिलं: तुझे मिळालेले ऑप्शन ३,७५०, शेअरचा दर १० रुपये, मुदत अमुक तारखेपर्यंत, विचारायचं कोणाला त्याचं नाव आणि नंबर. तिनं ते पत्र माझ्यासमोर वाचलं, खालची तारीख पुन्हा एकदा वाचली आणि पासपोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवलं.